कॅमकॉर्डरच्या चित्रफिती संगणकावर न चालणे

कॅमकॉर्डरच्या चित्रफिती संगणकावर न चालणे ही डिजिटल चित्रणातील एक नेहमीची तांत्रिक अडचण आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्यवस्थित दिसणारे चित्रण संगणकावर घेतल्यानंतर मुळीच न उघडणे, चित्र दिसणे पण आवाज न येणे, आवाज येणे पण पडदा काळा राहणे, चित्र अडखळत चालणे, हलत्या वस्तूंच्या कडांवर आडव्या रेषा उमटणे आणि सलग केलेल्या चित्रणाचे अनेक तुकडे दिसणे ही तिची प्रमुख लक्षणे होत.

चित्रफीत न चालणे आणि चित्रण नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा फाइलमधील चित्रण शाबूत असते आणि ते उलगडणारे सॉफ्टवेअर, वाहून नेणारी केबल किंवा प्रत काढण्याची रीत यांपैकी एखाद्या ठिकाणी दोष असतो. अशा वेळी घाईने कार्ड फॉरमॅट केले, त्यावर नवे चित्रण केले किंवा फाइलचे रूपांतर करून मूळ प्रत काढून टाकली, तर तात्पुरत्या अडचणीचे कायमच्या नुकसानीत रूपांतर होते. म्हणून या अडचणीत उपायांइतकाच उपायांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

चित्रण करणारा कॅमेरा आणि ते साठवणारे यंत्र एकाच आवरणात असलेल्या उपकरणास कॅमकॉर्डर म्हणतात. १९८० च्या दशकात व्हीएचएस-सी आणि व्हिडिओ ८ या लहान कॅसेटवर चित्रण करणारे कॅमकॉर्डर प्रचारात आले. १९८९ मध्ये हाय ८ ही सुधारित पद्धत आली. या सर्व पद्धती ॲनालॉग होत्या. कॅमेरा पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांच्या केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडला की चित्रण दिसे. चित्रण करणारे यंत्रच ते दाखवत असल्याने दोघांची भाषा जुळण्याचा प्रश्न उद्भवत नसे.

१९९५ मध्ये डीव्ही ही डिजिटल पद्धत आली आणि तिच्या मिनी डीव्ही कॅसेट घरगुती तसेच व्यावसायिक चित्रणात रूढ झाल्या. त्यानंतर ८ सेंटिमीटर व्यासाच्या डीव्हीडी, हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड यांवर चित्रण करणारे कॅमकॉर्डर आले. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी एव्हीसीएचडी ही उच्च सुस्पष्टतेची पद्धत जाहीर केली. २०१३ पासून सोनीच्या उपकरणांत एक्सएव्हीसी एस ही पद्धत येऊ लागली. या बदलांमुळे चित्रण करणारे यंत्र आणि ते दाखवणारे यंत्र वेगळे झाले. कॅमेऱ्याने एका पद्धतीने लिहिलेली माहिती संगणकाला वाचता आली पाहिजे, ही नवी अट निर्माण झाली. येथे वर्णन केलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या अटीत आहे.

फाइलची रचना

चित्रफितीची फाइल ही एकजिनसी वस्तू नसते. तिचे चार भाग वेगळे ओळखता आले, तर दोष कोणत्या ठिकाणी आहे हे ठरवणे सोपे जाते.

वेष्टन: चित्र, ध्वनी आणि वेळेची माहिती एकत्र बांधणाऱ्या रचनेस वेष्टन किंवा कंटेनर म्हणतात. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही आणि एमटीएस ही वेष्टनांची उदाहरणे होत. फाइलच्या नावातील शेवटचा भाग सहसा वेष्टन सुचवतो. आतील चित्र कोणत्या पद्धतीचे आहे हे त्यावरून निश्चित समजत नाही.

कोडेक: चित्र आणि ध्वनी यांचा आकार लहान करून ते साठवण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. एव्हीसीएचडीमध्ये चित्रासाठी एच.२६४ आणि ध्वनीसाठी सहसा डॉल्बी डिजिटल ही पद्धत असते. एकाच एमपी४ वेष्टनात एच.२६४ किंवा त्यानंतरची एचईव्हीसी यांपैकी कोणतीही पद्धत असू शकते. म्हणूनच एकाच प्रकारच्या नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही.

अनुक्रमणिका: एमपी४ आणि एमओव्ही या वेष्टनांत चित्रणाचा कोणता भाग फाइलमध्ये कोठे आहे याची नोंद असते. अनेक कॅमेरे ही नोंद चित्रण थांबवल्यावर लिहितात. ती नसेल तर आतील चित्रण पूर्ण असूनही प्लेअरला ते सापडत नाही.

फाइल व्यवस्था: मेमरी कार्डावर फाइली कशा मांडायच्या याच्या नियमांना फाइल व्यवस्था म्हणतात. जुन्या कार्डांवरील एफएटी३२ व्यवस्थेत एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा एका बाइटने कमी असावा लागतो. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडीएक्ससी कार्डांसाठी एक्सएफएटी ही व्यवस्था ठरवलेली असून तिच्यात ही अडचण येत नाही.

नेहमी आढळणारे प्रकार

• एमटीएस आणि एम२टीएस: एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरच्या फाइली. कार्डावर त्या प्रायव्हेट, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही आणि स्ट्रीम अशा एकात एक असलेल्या फोल्डरमध्ये असतात. ही उतरंड माहीत नसल्यास कार्ड रिकामे आहे असा समज होतो.
• एमओडी आणि टीओडी: हार्ड डिस्क व मेमरी कार्डवरील काही जुन्या कॅमकॉर्डरच्या फाइली. एमओडी फाइलमध्ये एमपीईजी-२ चित्रण असते. हेच नाव संगीताच्या एका जुन्या संगणकीय प्रकारालाही असल्याने काही प्लेअर तिला चित्रफीत म्हणून ओळखत नाहीत.
• व्हीओबी: डीव्हीडीवर चित्रण करणाऱ्या कॅमकॉर्डरच्या फाइली.
• एव्हीआय: मिनी डीव्ही कॅसेटवरून विंडोज संगणकावर घेतलेले चित्रण बहुधा या वेष्टनात असते.
• एमपी४: अलीकडील कॅमकॉर्डर, ॲक्शन कॅमेरे आणि भ्रमणध्वनी यांच्या फाइली.

दीर्घ चित्रण: सोलापूरच्या यात्रेचे उदाहरण

विवाह, यात्रा, मिरवणुका आणि भजन-कीर्तन यांची चित्रणे लांब असतात आणि पुन्हा घेता येत नाहीत. सोलापूर येथील ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांची, गड्डा यात्रा या नावाने ओळखली जाणारी यात्रा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. जानेवारी महिन्यात मकर संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. शहराच्या परिसरातील ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा पार पडतो. हा सोहळा कुंभारकन्या आणि सिद्धेश्वरांचा योगदंड यांच्या प्रतीकात्मक विवाहाचा असतो.

अशा मिरवणुकीचे एव्हीसीएचडी पद्धतीने, दर सेकंदाला १७ मेगाबिट या गतीने सलग दोन तास चित्रण केले, तर सुमारे १५ जीबी माहिती तयार होते. ४ जीबीच्या मर्यादेमुळे कॅमेरा तिचे आपोआप चार तुकडे करतो. काही कॅमेरे सुमारे २ जीबीवरच नवा तुकडा सुरू करतात. त्यांत तुकड्यांची संख्या आठपर्यंत जाते. कॅमेऱ्यावर हे तुकडे जोडून दाखवले जातात, कारण त्यांच्या क्रमाची नोंद शेजारच्या फोल्डरमध्ये असते. केवळ चित्रणाच्या फाइली उचलून संगणकावर आणल्या तर ही नोंद मागे राहते. मग एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना क्षणभराचे चित्र किंवा आवाज गळतो. अक्षता पडण्याचा क्षण नेमका या सांध्यावर आला, तर चित्रण अपुरे राहिले असे वाटते; प्रत्यक्षात ते दोन फाइलींत विभागून पूर्ण असते.

यावर उपाय म्हणजे कार्डावरील सर्व फोल्डर मूळ मांडणीसह संगणकावर घेणे आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरने तुकडे जोडणे. एमटीएस प्रकारातील एकाच चित्रणाचे तुकडे क्रमाने एकापुढे एक ठेवून एकच फाइल तयार करता येते. एमपी४ प्रकारात प्रत्येक फाइलची अनुक्रमणिका स्वतंत्र असल्याने ही साधी जोडणी चालत नाही. त्यासाठी संकलन करणारे सॉफ्टवेअर लागते.

निदानाचा क्रम

दोष शोधताना मूळ कार्ड किंवा कॅसेट यांना धक्का न लावता पुढील क्रम पाळला जातो.

१. कार्डावरील लिहिण्यास प्रतिबंध करणारी बारीक कळ बंदच्या बाजूला सरकवली जाते. त्या कार्डावर पुढे चित्रण केले जात नाही.
२. तीच चित्रफीत कॅमेऱ्यावर चालवून पाहिली जाते. कॅमेऱ्यावर ती चालत असेल तर चित्रण शाबूत आहे आणि दोष पुढच्या टप्प्यात आहे.
३. संपूर्ण कार्डाची प्रत संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर घेतली जाते आणि दोन्हीकडील फाइलींचे आकार जुळतात का ते पाहिले जाते. आकार शून्य किंवा मूळपेक्षा कमी असल्यास प्रत काढताना खंड पडलेला असतो.
४. प्रत दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर चालवली जाते. एका ठिकाणी चालली तर दोष फाइलचा नाही.
५. मीडियाइन्फो यांसारख्या सॉफ्टवेअरने फाइलचे वेष्टन, कोडेक, चित्रांची गती आणि कालावधी पाहिला जातो. ही माहितीही वाचता येत नसेल, तरच फाइल बिघडल्याची शक्यता विचारात घेतली जाते.

लक्षणे, कारणे आणि उपाय

फाइल उघडत नाही किंवा पडदा काळा राहतो

याचे सर्वांत सामान्य कारण योग्य कोडेकचा अभाव हे आहे. विंडोज एक्सपीमध्ये एमपीईजी-२ आणि एच.२६४ उलगडण्याची अंगभूत सोय नव्हती. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून एच.२६४ ची सोय मिळू लागली. विंडोज १० आणि ११ या प्रणालींवर एचईव्हीसी चित्रफितींसाठी स्वतंत्र विस्तार घ्यावा लागू शकतो.

व्हीएलसी हा मुक्त प्लेअर बहुतेक कोडेक स्वतःमध्येच बाळगतो, त्यामुळे निदानासाठी तो उपयुक्त ठरतो. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो निर्माण झाला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आला. २०२२ मध्ये भारतात त्याचे संकेतस्थळ काही महिने बंद होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. चित्रफीत पाहण्यासाठी विशिष्ट कोडेक उतरवून घ्या, असे सांगणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवरून कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नये. अशा सूचनांच्या आडून संगणकाला बाधा पोहोचवणारे सॉफ्टवेअर पसरवले गेल्याची उदाहरणे आहेत.

काही जुन्या सॉफ्टवेअरना देवनागरी लिपीतील फाइलचे किंवा फोल्डरचे नाव वाचता येत नाही आणि फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. प्रतीला रोमन अक्षरांचे व अंकांचे साधे नाव दिल्यास ही अडचण लगेच दूर होते. एमओडी फाइलच्या प्रतीचे नाव एमपीजी असे बदलल्यावर ती अनेक प्लेअरमध्ये चालू लागते.

चित्र दिसते, आवाज येत नाही

चित्राचा कोडेक उपलब्ध असूनही ध्वनीचा नसला की हे घडते. एव्हीसीएचडीतील डॉल्बी डिजिटल ध्वनीच्या बाबतीत ही अडचण विशेष आढळते. दुसऱ्या प्लेअरमध्ये आवाज आला, तर केवळ ध्वनीचे रूपांतर पुरेसे असते. चित्राला हात लावण्याची आवश्यकता नसते.

चित्र अडखळते

चित्रफीत थेट कार्डावरून किंवा संथ केबलवरून चालवल्यास संगणकाला माहिती वेळेत मिळत नाही. ती अंतर्गत डिस्कवर घेतल्यावर दोष गेला, तर कारण सापडले असे समजावे. तरीही दोष राहिला तर प्रक्रियकाची क्षमता अपुरी असू शकते. एच.२६४ उलगडण्यास एमपीईजी-२ पेक्षा बरीच अधिक गणिते करावी लागतात. त्यामुळे जुन्या संगणकावर डीव्हीडी सुरळीत चालते, पण एव्हीसीएचडी चित्रण थांबत थांबत चालते. चित्रात हिरवे पट्टे किंवा चौकोन दिसत असल्यास ग्राफिक कार्डाचा चालक अद्ययावत करून किंवा प्लेअरमधील हार्डवेअर साहाय्य बंद करून पाहिले जाते.

हलत्या वस्तूंवर आडव्या रेषा दिसतात

हा बिघाड नसून चित्रणपद्धतीचा परिणाम आहे. भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत घेतले जाते. एका भागात विषम आणि दुसऱ्यात सम क्रमांकाच्या ओळी असतात. या पद्धतीस इंटरलेसिंग म्हणतात. दोन भागांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असल्याने या काळात हललेली वस्तू दोन ठिकाणी दिसते आणि कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या भासतात. प्लेअरमधील डिइंटरलेस हा पर्याय सुरू केल्यावर या रेषा जातात.

चित्र चपटे किंवा उभट दिसते

चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण प्लेअरला समजले नाही तर माणसे बारीक किंवा रुंद दिसतात. काही एमओडी फाइलींत १६:९ प्रमाणाची नोंद सोबतच्या एमओआय या लहान फाइलमध्ये असते. ती मागे राहिल्यास चित्र ४:३ प्रमाणात दिसते. प्लेअरमध्ये प्रमाण निवडून हे दुरुस्त होते.

चित्रण अर्धवट राहिलेली फाइल

चित्रण सुरू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड बाहेर काढले गेले, तर एमपी४ फाइलची अनुक्रमणिका लिहिली जात नाही. अशी फाइल आकाराने मोठी असूनही उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत केलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून वापरून अनुक्रमणिका पुन्हा तयार करणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. एमटीएस फाइल लहान लहान पाकिटांची सलग मालिका असल्याने ती मध्येच तुटली तरी तोपर्यंतचा भाग सहसा चालतो.

खोट्या क्षमतेच्या कार्डांमुळेही फाइली बिघडतात. अशी कार्डे प्रत्यक्षापेक्षा अधिक क्षमता दाखवतात आणि खरी क्षमता संपल्यानंतरचे चित्रण वाचता येत नाही. नवे कार्ड समारंभापूर्वी पूर्ण भरून आणि परत वाचून तपासणे हाच त्यावरील खात्रीचा उपाय आहे.

चुकून पुसलेल्या फाइलींचा मजकूर बहुधा काही काळ कार्डावर राहतो. त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल, तर फोटोरेक यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने त्यांतील काही परत मिळू शकतात. परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर साठवू नयेत.

जुन्या कॅसेट आणि लहान डीव्हीडी

मिनी डीव्ही कॅसेटवरील चित्रण फायरवायर जोडणीतून संगणकावर घेतले जाते. अनेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांतील यूएसबी जोडणी केवळ छायाचित्रांसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी असल्याने तिच्यातून मूळ दर्जाचे चित्रण मिळत नाही. एका तासाच्या कॅसेटसाठी सुमारे १३ जीबी जागा लागते. ज्या डिस्कवर चित्रण घ्यायचे तिची फाइल व्यवस्था एफएटी३२ असल्यास सुमारे २० मिनिटांनंतर ४ जीबीची मर्यादा गाठली जाते. कॅसेट चालवताना चित्रात चौकोनी ठिपके दिसत असल्यास कॅमेऱ्याच्या हेडवर धूळ बसलेली असू शकते. हेड स्वच्छ करून तोच भाग पुन्हा घेतल्यास बऱ्याचदा चित्र सुधारते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून आलेल्या कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीच्या असतात. भारतातील पाल कॅमेऱ्यावर त्या नीट चालतीलच असे नाही. मात्र एकदा फाइल तयार झाली की संगणक दोन्ही पद्धती दाखवू शकतो.

लहान डीव्हीडीवरील चित्रण कॅमेऱ्यामध्ये फायनलाइज केले नसेल, तर संगणकाला ती डिस्क कोरी वाटते. ही प्रक्रिया त्याच किंवा त्याच प्रकारच्या कॅमेऱ्यावर करावी लागते. या डिस्क बाहेर येणारा ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नयेत. त्या आत अडकतात.

रूपांतर आणि मूळ प्रत

रूपांतराचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आतील चित्र व ध्वनी जसेच्या तसे ठेवून केवळ वेष्टन बदलले जाते. त्यात दर्जा घटत नाही आणि वेळही थोडा लागतो. दुसऱ्यात चित्र उलगडून नव्या कोडेकमध्ये पुन्हा बांधले जाते. त्यात प्रत्येक वेळी थोडा तपशील कमी होतो. एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरने दोन्ही कामे करता येतात. फाइल केवळ प्लेअरला ओळखता येत नसेल तर पहिला प्रकार पुरेसा ठरतो.

रूपांतरित फाइल ही पाहण्यासाठीची प्रत असते. संदेशवहनाच्या ॲपवरून चित्रफीत म्हणून पाठवलेल्या प्रतीचा आकार बहुधा आणखी कमी केलेला असतो. कालांतराने तीच शिल्लक राहिली, तर मूळ दर्जा परत आणता येत नाही. मूळ फाइल ठेवलेली असल्यास मात्र पुढे अधिक चांगल्या साधनांनी तिच्यातून नवी प्रत काढता येते.

जतन

सोलापूरमध्ये उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बंद मोटारीत, पत्र्याच्या छताखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या कॅसेट व डिस्क यांना ही उष्णता आणि धूळ बाधक ठरते. कॅसेट थंड, कोरड्या जागी आणि डब्यात उभ्या ठेवाव्यात. थंड केलेल्या खोलीतून उष्ण, दमट हवेत कॅमेरा नेल्यास आत बाष्प धरते. ते सुकेपर्यंत कॅसेट चालवू नये.

कॅसेट चालवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले आणि नव्या संगणकांवर फायरवायर जोडणी बहुधा नसते. त्यामुळे कॅसेट चांगली असली तरी ती वाचण्याची संधी दरवर्षी कमी होते.

मूळ फाइलींच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी ठेवणे सुरक्षित मानले जाते. प्रतीसोबत प्रसंग, ठिकाण, दिनांक आणि चित्रणातील व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत. जुन्या घरगुती चित्रणांत आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आणि चालणे-बोलणे असते. त्यांना ओळखणारी माणसे असतानाच ही नोंद पूर्ण होऊ शकते. वर्षातून एकदा प्रती उघडून त्या चालतात याची खात्री करून घेतल्यास दोष वेळेवर लक्षात येतो आणि दुसऱ्या प्रतीवरून तो दुरुस्त करता येतो.

हे सुद्धा पहा

• कॅमकॉर्डर
• कोडेक
• व्हीएलसी मीडिया प्लेअर
• मेमरी कार्ड
• सिद्धेश्वर यात्रा, सोलापूर